न उगवलेल्या बियांविषयी

या पुस्तकाचं बाड माझ्याकडे आलं, तेव्हा लेखिकेनं सोबत एक चिठ्ठी जोडली होती. ‘सर, शेवटच्या भागात रिकाम्या जमिनीचे चौदा फोटो आहेत. पाहणारे म्हणतात, पानं वाया जातील. काढून टाकू का?’

मी ते फोटो काढून बसलो. पहिल्यात खडी, दुसऱ्यात खडी, तिसऱ्यात खडी आणि एका दगडाची सावली. जागा एकच, डेथ व्हॅलीतल्या एका रस्त्याच्या कडेची. महिनाही तोच, मार्च. वर्षं मात्र निरनिराळी. आधीच्या पानांवर याच जागेचे पिवळ्याधमक फुलांनी भरलेले फोटो येऊन गेलेले असल्यामुळे ही खडी जास्तच ओकीबोकी वाटत होती. मी उत्तर लिहिलं, ‘एकही काढू नका. उलट त्यातला एक सगळ्यात पुढे घ्या.’ त्यांनी तो घेतला. म्हणून हे पुस्तक उघडताच तुम्हाला फुलाआधी खडी दिसते. तसं का, हे सांगायची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे.

डेथ व्हॅली कॅलिफोर्नियाच्या पूर्व टोकाला, मोहावी वाळवंटात आहे. १८४९ साली सोन्याच्या मागे निघालेला एक जथा वाट चुकून या खोऱ्यात अडकला आणि जाताना हे भेसूर नाव मागे ठेवून गेला. तिंबिशा शोशोनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं राहत होते आणि आजही राहतात. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला नोंदलेलं ५६.७ अंश सेल्सिअस हे तापमान आजही जगाचा अधिकृत उच्चांक मानलं जातं. पावसाची वर्षाची सरासरी जेमतेम ५० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जून महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी पडून जातो तेवढा. तोही दर वर्षी पडेल असं नाही. १९२९ सालात इथे पावसाची नोंदच नाही. १९३१ ते १९३४ या काळात सलग चाळीस महिन्यांत मिळून १६ मिलिमीटर पाऊस झाला.

आणि तरीही १९९८, २००५ आणि २०१६ या वर्षांच्या वसंतात हे खोरं मैलोगणती फुललं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘सुपरब्लूम’ म्हटलं. हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नाही, कौतुकाचा आहे. लेखिका २००५ साली तिथं पहिल्यांदा गेल्या आणि मग जवळजवळ दर वर्षी जात राहिल्या. ज्या वर्षी फुलं नव्हती, त्या वर्षीही गेल्या. फुलं पाहायला सगळेच जातात. नसलेली फुलं पाहायला चार-पाच तास गाडी हाकत जाणारा माणूस विरळा. या पुस्तकाचं मोल मला तिथं दिसतं.

मी स्वतः ते खोरं एकदाच पाहिलं, मार्च २०१६ मध्ये. मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना जसं सगळं दाखवायला नेतात, तसंच मला नेलं होतं. आदल्या ऑक्टोबरात तिथं एकामागून एक वादळी पाऊस झाले होते. स्कॉटीज कॅसलच्या बाजूला पुरानं रस्ते वाहून नेले होते. त्याच पाण्याचं देणं मार्चमध्ये दक्षिणेकडच्या उतारांवर पसरलं होतं. कमरेइतकी उंच, सूर्यफुलाच्या कुळातली, ‘डेझर्ट गोल्ड’ नावाची पिवळी फुलं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली होती. सगळे लोक उभ्यानं त्यांचे फोटो काढत होते. मला मात्र तिथल्या एका पहारेकऱ्यानं सांगितलं, की खरी मजा खाली आहे. अमेरिकेत अशा चिमुकल्या फुलांना ‘बेली फ्लॉवर्स’ म्हणतात, म्हणजे पोटावर पडून पाहायची फुलं. मग सदुसष्टाव्या वर्षी मी खडीवर पालथा झालो. नातवानं विचारलं, ‘आजोबा, काही हरवलं का?’

बोटाच्या पेरापेक्षा लहान एक रोप होतं. पानं राखाडी, केसाळ, जमिनीला चिकटलेली. त्यावर एकच फूल, पांढऱ्या पाकळ्यांचं, मध्ये पिवळा ठिपका, शर्टाच्या बटणाएवढं. नाव ‘डेझर्ट स्टार’. दोन हातांवर याच जातीचं दुसरं रोप होतं, पण त्याला दगडाच्या आडोशाची जास्त ओल मिळाली होती. ते बशीएवढं पसरलं होतं आणि त्यावर पंचवीसएक फुलं होती. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण इतका मोकळा धडा मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता. ज्याला जेवढी ओल, त्याचा तेवढा संसार. पण ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, त्यानंही एक फूल तरी आणलंच. एक फूल म्हणजे काही बिया. तेवढं झालं की त्या रोपाचं काम झालं.

इथं लेखिकेशी माझा एक मतभेद नोंदवतो. प्रस्तावनाकारानं एक तरी मतभेद नोंदवावा, अशी आपल्याकडे रीतच आहे. त्या या बहराला वारंवार ‘चमत्कार’ म्हणतात. त्यांचा आनंद मला समजतो. पण ज्याच्या मागचा हिशेब आपल्याला कळलेला नसतो, त्याला आपण चमत्कार म्हणतो. आणि या फुलांमागचा हिशेब गेल्या पाऊणशे वर्षांत बराचसा मांडला गेला आहे. तो मला फुलांहून देखणा वाटतो.

त्याची सुरुवात फ्रिट्स वेंट यांच्यापासून करावी लागते. हे मूळचे डच शास्त्रज्ञ. झाडाची वाढ घडवणारं ऑक्झिन हे द्रव्य ओटच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग करून त्यांनी विशीतच दाखवून दिलं होतं. पुढे ते कॅलिफोर्नियात गेले आणि १९४० च्या दशकात त्यांनी वाळवंटातली माती प्रयोगशाळेत आणून तिच्यावर नकली पाऊस पाडला. तीच माती थंड हवेत भिजवली तर हिवाळी फुलांची रोपं आली. उष्ण हवेत भिजवली तर उन्हाळी जाती उगवल्या आणि हिवाळी बिया ढिम्म राहिल्या. म्हणजे एकाच मुठीतल्या मातीत दोन वेगळी रानं झोपलेली होती, आणि कोणाला उठवायचं ते गारवा ठरवत होता. दुसरी गोष्ट त्याहून चतुर. हलकी सर पडली तर बिया उगवत नाहीत. निदान अर्धा इंच, आणि खरं तर एक-दोन इंच पाऊस वरून पडून मातीतून झिरपावा लागतो. मातीला खालून पाणी देऊन ती चिंब केली, तरी अनेक बिया हलल्या नाहीत. काही बियांच्या टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. ती धुऊन निघतील एवढं पाणी वरून गेलं, तरच बी जागं होतं. म्हणजे बीजवळ जणू पर्जन्यमापकच आहे. पाऊस पडला का, एवढ्यावर ते थांबत नाही. किती पडला आणि कोणत्या ऋतूत पडला, हेही पाहतं.

हे शास्त्र किती चोख चालतं ते २०२३ साली दिसलं. त्या वर्षी २० ऑगस्टला हिलरी वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी फर्नेस क्रीकला एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पाडला. वर्षाची सरासरी एका दिवसात पार! खोऱ्याच्या तळाशी तळं साचलं आणि पुढे लोकांनी त्यात होड्या चालवल्या. साहजिकच पुढच्या वसंतात फुलांचा महापूर येणार, अशी आशा पसरली. तसा बहर काही आला नाही. ऑगस्टच्या भट्टीत पडलेलं पाणी हिवाळी फुलांच्या कामाचं नसतं. त्यांना पाऊस लागतो तो शरदात, माती निवायला लागल्यावर. आणि मग हिवाळाभर अधूनमधून सरी, बेताची थंडी, फार वारा नको. एवढ्या सगळ्या अटी एकाच वर्षी जुळणं दुर्मिळ, म्हणून बहर दुर्मिळ.

आता खरा प्रश्न. समजा, पाऊस हवा तेवढा आणि हव्या त्या वेळी पडला. तर सगळ्या बिया उगवतात का?

माझं गाव माण तालुक्यात. दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पोटातून कळतं. मृगाची पहिली सर पडली, की वडिलांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. पेरावं, की थांबावं? ओल किती खोल गेली ते पाहायला ते बोटानं माती उकरायचे. शेजारी तिफण घेऊन निघालेला असायचा. काही जण तर पावसाआधीच धूळपेरणी करून मोकळे झालेले असायचे. एखाद्या वर्षी पेरणी साधायची. एखाद्या वर्षी बाजरी टरारून वर यायची आणि मग पाऊस तीन आठवडे तोंड दाखवायचा नाही. दुबार पेरणी. हा शब्द ज्यानं शेतकऱ्याच्या घरात ऐकला आहे, त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आजही कृषी विभाग दर जूनमध्ये बजावतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. वेंट यांच्या बियांच्या टरफलावर जे लिहिलेलं होतं, तेच हे.

पण आमच्या घरात सल्ल्यापलीकडचा एक नियम होता. कणगीतलं बियाणं सगळं कधीच बाहेर निघायचं नाही. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं एक गाडगं आजी माळ्यावर ठेवायची. पाऊस कितीही चांगला दिसला, वडिलांनी कितीही मागितलं, तरी ते गाडगं हलायचं नाही. लहानपणी मला तो म्हातारीचा हट्ट वाटायचा.

त्या हट्टाचं गणित १९६६ साली जेरुसलेमच्या डॅन कोहेन यांनी मांडलं. वर्षावर्षांचं उत्पन्न बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. यंदाच्या बियांतून पुढच्या वर्षीच्या बिया येतात, त्यांतून त्याच्या पुढच्या. गुणाकारात एकदा शून्य आलं, की आधीच्या नऊ वर्षांची भरभराट पुसली जाते. जी जात दर पावसाला आपल्या सगळ्या बिया उगवू देते, ती पहिल्याच फसव्या वर्षी नामशेष होते. जी अजिबात उगवू देत नाही, तिच्या बिया मातीत किडतात, मुंग्या नेतात, तीही संपते. मधला मार्ग किती? वाईट वर्षी उगवलेलं सगळंच मरत असेल आणि चांगल्या वर्षी भरघोस बी येत असेल, तर उत्तर सोपं निघतं. दहातली तीन वर्षं चांगली असतील, तर दर वर्षी साधारण दहातल्या तीन बिया उगवाव्यात. बाकीच्यांनी पडून राहावं. एकाच आईच्या बिया, एकाच ओलीत, शेजारीशेजारी. त्यांतली एक उठते आणि दुसरी कूस बदलून झोपते. त्या न उठण्यात जातीचं भलं असतं.

कागदावरचं हे गणित जमिनीवर उतरतं का, हे पाहायला कोणीतरी वर्षानुवर्षं रोपं मोजत बसायला हवं होतं. ते काम ॲरिझोनातल्या टुसॉन शहराजवळ ट्युमामॉक टेकडीवर झालं. तिथं १९०३ पासून वाळवंटाची प्रयोगशाळा आहे. १९८२ पासून लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ठरावीक तुकड्यांतलं हिवाळी फुलांचं एकेक रोप मोजलं: किती उगवली, किती जगली, किती बी धरलं. हे काम कंटाळ्याची परीक्षा पाहणारं. पण २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष कोहेन यांच्या बाजूनं होता. ज्या जातींचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावतं, त्या जाती आपल्या बियांतला कमी हिस्सा उगवू देतात. ज्यांचं उत्पन्न स्थिर, त्या मोकळ्या हातानं खर्च करतात. शेतकऱ्याच्या घरातही याहून निराळं काय असतं?

उगवलेल्या रोपांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ती नुसती उधळी ठरतील. त्यांच्याजवळ आठ-दहा आठवडे असतात, आणि ती वेळ वाया घालवत नाहीत. ‘डेझर्ट फाइव्हस्पॉट’ची गुलाबी वाटी या पुस्तकात पानभर छापली आहे; आत डोकावलं तर पाच पाकळ्यांवर पाच गडद लाल ठिपके दिसतात. तिचं फूल सगळे पाहतात, पण कमाल तिच्या पानांची आहे. ती दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही हातचं जात नाही. डेथ व्हॅलीतल्याच ‘ब्राऊन-आइड प्रिमरोझ’ या पांढऱ्या फुलाच्या पानांवर १९७६ साली मोजमाप झालं, तेव्हा त्यांचा अन्न बनवण्याचा वेग रानटी वनस्पतींत तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वेगांमध्ये निघाला. वाळवंटातलं झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निवडुंग येतो, जो पाणी साठवून सावकाश जगतो. ही फुलं तसली काटकसर करतच नाहीत. त्यांची काटकसर मातीखाली झालेली असते; वर आल्यावर ती लग्नघरासारखी हात सैल सोडतात.

आणि लग्नाला वऱ्हाडही येतं. दक्षिणेला अँझा-बोरेगोच्या वाळवंटात चांगल्या वर्षी पट्टेरी पंखांच्या स्फिंक्स पतंगाच्या जाडजूड अळ्या फुलांवर तुटून पडतात. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन जातीचे ससाणे त्या अळ्यांवर उतरतात. तिथले कहुइया लोक पूर्वी याच अळ्या गोळा करून खात. रानटी चिया भाजून दळायची पद्धतही या भागातल्या मूळ रहिवाशांची. रात्री कांगारू उंदीर बिया गालाच्या पिशव्यांत भरून नेतात आणि जागोजागी पुरतात. हा प्राणी पाणी न पिता नुसत्या बियांवर जगू शकतो. त्यानं पुरलेल्या आणि मग विसरलेल्या काही बियाही पुढच्या पावसाला उगवतात. खाणाऱ्याकडूनही थोडी पेरणी करून घ्यायची, हाही हिशेबच.

लेखिकेनं धोक्यांचं प्रकरण संयमानं लिहिलं आहे. गर्दीविषयीचा त्यांचा राग मला पटतो. मार्च २०१९ मध्ये लेक एल्सिनोर गावाजवळच्या वॉकर कॅनियनमध्ये केशरी पॉपी पाहायला हजारो लोक लोटले, रस्ते तुंबले, फुलांत लोळून फोटो काढले गेले. २०२३ साली तिथल्या प्रशासनानं बहराच्या काळात ती दरीच बंद ठेवली. फुलावर पाय पडला की यंदाचं फूल जातं, आणि त्याबरोबर मातीच्या पेढीत पडायची ठेवही जाते. कासच्या पठारावर कुंपण आणि तिकिटं आली, ती याच कारणानं. कास दर वर्षी फुलतं, म्हणून तिथली चूक पुढच्या पावसाळ्यात थोडी तरी भरून निघते. इथं पुढचा पावसाळा कधी, ते कोणी सांगावं?

त्याहून मोठा धोका मोहरीचा आहे. आपल्या फोडणीतल्या मोहरीची ही चुलत बहीण, सहारा मोहरी, गेल्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पोचली. बहुधा खजुराच्या रोपांबरोबर. थोड्याशा ओलीवर ती सगळ्यांच्या आधी उगवते, ऊन आणि पाणी अडवते आणि एका मोठ्या रोपामागे हजारो बिया टाकते. चांगल्या पावसाचं वर्ष तिलाही चांगलंच जातं, हे दुखणं. आणि तिसरा बदल फोटोत येत नाही. ट्युमामॉकच्या नोंदींत असं आढळलं, की हवा तापत असूनही तिथं गारठ्यात उगवणाऱ्या जाती वाढत आहेत. ऐकायला उफराटं वाटतं. पण उगवणीचा पाऊस पूर्वीपेक्षा उशिरा, ऐन थंडीत येऊ लागला, म्हणून गारठा सोसणाऱ्यांचं फावलं. हजारो वर्षं जमवलेला हिशेब असा वेळापत्रकावर अडतो. बियांनी पावसावर अविश्वास ठेवायला शिकून घेतलं आहे. पण पावसानं आपला महिनाच बदलावा, हे त्या हिशेबात कितपत धरलेलं आहे?

तर आता सुरुवातीच्या त्या फोटोकडे या. डाव्या कोपऱ्यात, खडीच्या रंगात मिसळून गेलेलं, तळहातात मावेल असं काटेरी करड्या काड्यांचं एक बोचकं दिसेल. पहिल्यांदा मलाही तो कचरा वाटला होता. ते ‘स्पाइनफ्लॉवर’चं मेलेलं रोप आहे. मेल्यावरही त्याचा सांगाडा वर्षानुवर्षं जागच्या जागी उभा राहतो आणि काट्यांच्या आत आपल्या बिया घट्ट धरून ठेवतो. पाऊस झाला, की त्या भिजलेल्या सांगाड्यातून काही बिया सुटतात. सगळ्या नाहीत. उरलेल्या पुढच्या पावसासाठी.

लेखिकेनं त्या फोटोखाली फक्त तारीख छापली आहे. मी असतो तर आजीच्या माळ्यावरच्या गाडग्याचा फोटो शेजारी छापला असता. तो आमच्याकडे नाही. रिकाम्या दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो तेव्हा कोणी काढत नसे.